तोंडाचे दुखणे आणि मनाचे दुखणे

मराठी भाषेने तोंडाभोवती जितके वाक्प्रचार गुंफले आहेत, तितके फारच थोड्या अवयवांभोवती गुंफले असतील. अपकीर्ती झाली की माणसाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. राग आला की तो तोंड फिरवितो, अन्याय असह्य झाला की तोंड उघडतो. आणि सोसावे तर लागते, पण सांगता येत नाही, अशी अवस्था आली की तिला आपण ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ असे म्हणतो. ज्या लोकांनी हे वाक्प्रचार घडविले त्यांना वैद्यकशास्त्र येत नसेल. परंतु माणसाची प्रतिष्ठा आणि त्याचे समाजातले स्थान यांचा तोंडाशी किती निकटचा संबंध आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आजच्या माझ्या भाषणाचा विषय याच संबंधाविषयी आहे. तोंडाचा एखादा विकार चार-सहा दिवसांत बरा न होता महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे रेंगाळला, तर त्या माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, आणि त्या परिणामाची दखल घरच्यांनी व वैद्यांनी का घ्यावयास हवी, हे मी आपल्यापुढे मांडणार आहे.

तोंडाचे विकार आपण सहसा किरकोळ समजतो. दाढ दुखली तर लवंग धरावी, हिरडी सुजली तर हळद लावावी, तोंड आले तर लोणी लावावे, आणि कामाला लागावे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे ३५० कोटी माणसांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. यात किडलेले दात, हिरड्यांचे जुने रोग, सगळे दात पडून गेल्याने आलेली अवस्था आणि तोंडाचा कर्करोग, हे सर्व येते. दुसरीकडे आपल्या देशात २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने जी राष्ट्रीय पाहणी केली, तिच्यात दर १०० प्रौढांपैकी सुमारे १० ते ११ जणांना त्या वेळी उपचारांची गरज असलेला मनोविकार असल्याचे आढळले. इतक्या मोठ्या दोन समूहांत पुष्कळ माणसे सामाईक असणार, हे उघड आहे. पण ही केवळ गणिती गाठ नाही. या दोन दुखण्यांमध्ये कार्यकारणाचा धागा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी विणलेला आहे.

हा धागा स्पष्ट दिसावा म्हणून आपण एकच विकार उदाहरणादाखल घेऊ. तो विकार आपल्या भागातला आहे, तरुणांत वाढलेला आहे, आणि त्याचे कारणही आपल्या खिशात किंवा पानदानात सापडण्यासारखे आहे. सुपारी खाऊन तोंड आखडण्याचा हा विकार होय. डॉक्टर त्याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात.

या विकाराचा इतिहासही आपल्या लोकांशी निगडित आहे. १९५२ साली श्वार्ट्‌झ या डॉक्टरांनी आफ्रिकेतील केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात हा विकार पाहून त्याचे वर्णन केले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५३ साली, मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घसा यांच्या आसपास आढळणाऱ्या याच विकाराची नोंद केली. नंतर १९६६ साली डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी त्याचे सविस्तर विवेचन केले. आज त्यांचेच विवेचन प्रमाण मानले जाते.

हा विकार होतो कसा, तेही थोडक्यात पाहू. सुपारीत अरेकोलीन नावाचे एक द्रव्य असते. गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली ज्या पेशी तंतू विणण्याचे काम करतात, त्यांना हे द्रव्य चेतविते, आणि त्या गरजेपेक्षा जास्त तंतू विणू लागतात. सुपारीत तांब्याचा अंश असतो. त्यामुळे हे तंतू एकमेकांत घट्ट गुंतविणारे रसायन अधिक जोमाने काम करते. सुपारीचा जो तुरटपणा जिभेला जाणवतो तो टॅनिनचा. हे टॅनिन त्या तंतूंना असे पक्के करते की शरीराला ते मोडून काढता येत नाहीत. कातडे कमावताना ज्या गुणाचा उपयोग होतो, तोच गुण येथे जिवंत गालावर चालतो, असे म्हटले तरी चालेल. हळूहळू गालाचे अस्तर पांढुरके पडते, त्यात दोरीसारख्या उभ्या पट्ट्या हाताला लागतात, जीभ आखडते, पडजीभ आक्रसून कळीएवढी होते, आणि तोंड उघडणे कमी कमी होत जाते. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे एकावर एक अशी उभी सहज मावतात. या रोग्याच्या तोंडात दोन मावतात, मग एक, आणि शेवटी चमचाही कष्टाने जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ लोक म्हणतात, ‘मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो.’ परंतु फ्रान्समधील ल्यों येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले आहे. आपल्याकडे सुपारी पूजेत गणपतीच्या जागी मांडली जाते, लग्न ठरले की सुपारी फुटते, आणि जेवणानंतर पाहुण्यापुढे ती ठेवली नाही तर आतिथ्य अपुरे वाटते. मंगलकार्यात मान मिळविलेल्या वस्तूविषयी मनात शंका यावयास वेळ लागतो. विदर्भातला खर्रा, गुजरातेतला मावा, इंदूर-ग्वाल्हेरकडचा गुटखा आणि मुलांच्या हाती पडणारी गोड सुपारी ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. गुटख्यावर गोव्याने २००५ साली आणि मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांनी २०१२ साली बंदी घातली. पण पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी विक्री सुरू झाली आणि खाणाऱ्याच्या तळहातावर दोन्ही पुन्हा एकत्र आल्या.

आता या रोग्याच्या मनाकडे वळू. त्याच्यावर ओढवणाऱ्या आपत्ती एकामागून एक पाहिल्या, म्हणजे मन का खचते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

पहिली आपत्ती जेवणाची. या विकाराचे सर्वांत आधीचे लक्षण म्हणजे तिखट लागताच तोंडात आग होणे. प्रथम ठेचा सुटतो, मग लोणचे, मग फोडणीची आमटी. आणि एके दिवशी घरात त्याच्यापुरती बिनतिखटाची वेगळी भाजी शिजू लागते. नंतर भाकरी चावत नाही म्हणून ती दुधात कुस्करावी लागते. आपल्या समाजात माणसे एकमेकांना भेटतात ती ताटाभोवती. लग्नाची पंगत, सणाचे जेवण, कचेरीतला मधल्या वेळचा डबा या जागी सोयरीक आणि मैत्री जुळते. या माणसाला मात्र पंगतीत बसणे म्हणजे परीक्षा वाटू लागते. जेवायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो, घास बाहेर येतो, शेजारचा विचारतो, ‘का हो, जेवत का नाही?’ मग तो ‘आज उपवास आहे’ असे सांगू लागतो, आणि पुढे निमंत्रणालाच जाईनासा होतो.

दुसरी आपत्ती बोलण्याची. जीभ आणि टाळू आखडल्यामुळे उच्चार अस्पष्ट होतात, आवाज नाकातून येऊ लागतो. दुकानदार, शिक्षक, वकील, बस-वाहक, ज्यांची भाकरी जिभेवर चालते, त्यांना हे फार जड जाते. दूरध्वनीवर पलीकडचा माणूस दोनदा तीनदा ‘काय म्हणालात?’ असे विचारतो, तेव्हा हा तिसऱ्या वेळी फोन खाली ठेवतो. हिरड्यांच्या जुन्या रोगाने ज्यांच्या तोंडाला दुर्गंधी येते किंवा ज्यांचे पुढचे दात पडले आहेत, त्यांचेही असेच होते. ते हसताना तोंडावर हात ठेवतात, बोलताना चेहरा वळवितात, आणि छायाचित्र काढावयाची वेळ आली की मागच्या रांगेत उभे राहतात.

तिसरी आपत्ती भयाची. हा विकार काही जणांत पुढे कर्करोगात परिणत होतो, हे रोग्याच्या कानावर लवकरच येते. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रोग्यांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले होते; त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, कर्करोग झाला. १९८५ साली ही हकिकत प्रसिद्ध झाली. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. तो धोका दाखवितो, म्हणून दर काही महिन्यांनी तोंड दाखवून घेतलेच पाहिजे. परंतु त्याच आकड्यात हेही लिहिले आहे की ६६ पैकी ६१ जणांना त्या काळात कर्करोग झाला नाही. भेदरलेल्या मनाला दुसरी बाजू वाचता येत नाही. काही रोगी दिवसातून दहादा आरशापुढे उभे राहून गाल चाचपतात. काही जण याच्या उलट वागतात. निदान काय निघेल या धास्तीने ते दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. दोघांनाही एकच भीती जाळत असते, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा तर ती जीवही घेऊ शकते. कारण तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळच अधिक असते.

चौथी आपत्ती अपराधाच्या भावनेची, आणि ती सर्वांत खोल जाते. मधुमेह झालेल्या माणसाला लोक सहानुभूती दाखवितात. या माणसाला ‘स्वतःच्या हाताने करून घेतलेस, आता भोग’ असे ऐकविले जाते. तो स्वतःही स्वतःला तेच ऐकवीत असतो. वास्तविक सुपारीची सवय ही नुसत्या हट्टाची गोष्ट नाही. अरेकोलीन मेंदूतील मज्जापेशींवर काम करते. तंबाखूतील निकोटीन ज्या द्वारांतून मेंदूत शिरकाव करते, त्यांतल्या काहींवर तेही जाऊन बसते. त्यामुळे सुपारी सोडली की चिडचिड, बेचैनी आणि मनाची खिन्नता येते. रात्रपाळीचा कामगार, लांबच्या पल्ल्याचा वाहनचालक, दिवसभर उन्हात उभा राहणारा मजूर हे झोप, भूक आणि कंटाळा मारण्यासाठीच पुडीकडे वळलेले असतात. म्हणजे मन थकले म्हणून सुपारी, सुपारीने तोंड आखडले म्हणून मन आणखी थकले, आणि ते थकलेले मन पुन्हा पुडीकडे धावले, असे हे रहाट फिरत राहते. या रोग्यांच्या मनःस्थितीची जेथे जेथे पद्धतशीर तपासणी झाली, तेथे चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण निरोगी लोकांपेक्षा अधिक आढळले. तोंड जितके अधिक मिटत जाते, तितके मनही मिटत जाते, हा त्या तपासण्यांचा एकंदर सूर आहे.

सुपारीच्या रोग्याचे तोंड निदान दिसते तरी. परंतु तोंडाचा असाही एक विकार आहे की ज्यात दिसण्यासारखे काहीच नसते. त्याला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात. आपण त्याला जळत्या तोंडाचा विकार म्हणू. बहुधा पाळी थांबण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर स्त्रियांना तो होतो. जिभेचा शेंडा, ओठ, टाळू यांची चटका बसल्यासारखी आग होते. सकाळी थोडी, संध्याकाळी फार. आणि हे महिने नव्हे, वर्षे चालते. डॉक्टर तोंडात पाहतात तो सारे गुलाबी आणि निरोगी! अशा वेळी प्रथम मधुमेह, थायरॉइडचे विकार, लोहाची व बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, तोंडातील बुरशी यांचा तपास झालाच पाहिजे, कारण यांपैकी कशानेही तोंड जळते आणि त्यावर इलाज आहे. यांतले काहीच निघाले नाही, म्हणजे हा विकार ठरतो. संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचा हा बिघाड असावा, असे आज मानले जाते.

या स्त्रीची खरी यातना पुढेच आहे. रक्ततपासणी चांगली आली, तोंडात काही दिसले नाही, मग घरातले म्हणतात, ‘काकू, काही नाही हो तुम्हांला, मनाचे खेळ आहेत.’ सून पाठीमागे हसते, नवरा वैतागतो, आणि हळूहळू ती सांगावयाचे सोडून देते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आपल्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, ही जाणीव आगीपेक्षाही अधिक भाजते. या विकारात चिंता आणि नैराश्य वारंवार आढळते, आणि आपल्याला कर्करोगच असणार ही समजूतही फार जणींच्या मनात असते. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच की मनाचा भाग आहे म्हणून आग खोटी ठरत नाही. मानसोपचाराने या आगीची तीव्रता कमी होते, असा अनुभव आहे. पण तो उपचार ‘तुमचे दुखणे खरे आहे’ या शब्दांनी सुरू व्हावा लागतो.

आतापर्यंत तोंडाने मनाला कसे दुखविले ते पाहिले. आता उलट बाजू पाहू. मन आजारी पडले की तोंडही त्याची किंमत मोजते. उदास माणूस दात घासण्याचे टाळतो. जेथे आंघोळ करणेही डोंगर वाटते, तेथे ब्रश कोण उचलणार? चिंताग्रस्त माणूस झोपेत दात खातो आणि ते झिजवितो. परीक्षेच्या दिवसांत तोंडात बारीक व्रण उठतात, हा अनुभव कित्येक विद्यार्थ्यांना असेल. लायकेन प्लॅनस नावाचा एक विकार आहे. त्यात गालाच्या आत जाळीदार पांढऱ्या रेषा उमटतात आणि काही जणांत लाल, झोंबणारे व्रण पडतात. ताणाच्या काळात तो उसळतो, असे रोगी नेहमी सांगतात.

मनोविकारावरची काही औषधेही यात भर घालतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती अन्न ओले करते, दातांवरचे आम्ल धुऊन नेते, जंतूंना आळा घालते. नैराश्यावरची जुनी औषधे, उदाहरणार्थ अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ही लाळ आटवितात. तोंड कोरडे पडते आणि दात भराभर किडतात. ऑस्ट्रेलियातील स्टीव्ह किसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तीव्र मनोविकार असलेल्या लोकांत सर्वच्या सर्व दात गमावण्याची शक्यता इतरांच्या सुमारे २.८ पट दिसून आली. म्हणून औषध थांबवावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. तोंड कोरडे पडते हे आपल्या डॉक्टरांना सांगावे, घोट घोट पाणी प्यावे, गोड गोळ्या चघळू नयेत, आणि दंतवैद्याकडे नियमाने जावे. औषध बदलण्याचा किंवा त्याची मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

श्रोतेहो, इतके ऐकल्यावर आपल्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. दुखणे रेंगाळले की कोणीही खिन्न होतोच; मग साधी खिन्नता कोणती आणि उपचार लागणारे नैराश्य कोणते, हे ओळखावे कसे? त्याची काही खूण आहे. मन जवळजवळ दररोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास असणे, किंवा ज्या गोष्टींत पूर्वी रस होता त्यांत तो मुळीच न वाटणे, ही दोन मुख्य लक्षणे. त्यांच्या जोडीला झोप बिघडणे, थकवा, एकाग्रता न होणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे यांपैकी बरीच लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकली, तर ते दुखणे डॉक्टरांना दाखविण्यासारखे आहे असे समजावे. तोंडाच्या रोग्याच्या बाबतीत येथे एक अडचण येते. भूक मंदावणे आणि वजन घटणे हीदेखील नैराश्याची लक्षणे आहेत. पण ज्याला घासच घेता येत नाही त्याचे वजन घटणारच. म्हणून अशा रोग्यात शरीराच्या लक्षणांपेक्षा मनाच्या लक्षणांकडे अधिक पाहावे लागते. हीच गोष्ट ध्यानी घेऊन झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी १९८३ साली इस्पितळातील रोग्यांसाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली. तिच्यात सात प्रश्न चिंतेविषयी आणि सात नैराश्याविषयी आहेत, आणि शारीरिक तक्रारी त्यांतून मुद्दाम वगळलेल्या आहेत. दंतवैद्याच्या दवाखान्यात पाळीची वाट पाहत बसलेल्या रोग्याला ती पाच-सात मिनिटांत भरून देता येते. दातांची क्ष-किरण चित्रे जितक्या सहजतेने काढली जातात, तितक्याच सहजतेने हे चौदा प्रश्न विचारले गेले, तर कितीतरी लपलेली दुःखे वेळीच उजेडात येतील.

घरच्यांनी काय करावे? प्रथम टोमणा थांबवावा. ज्या माणसाने व्यसनाने तोंड बिघडवून घेतले, त्याला त्याची आठवण करून देण्याची गरज नसते. प्रत्येक घासाला त्याला ती होतच असते. टोमण्याने पुडी सुटत नाही, ती फक्त लपविली जाते. दुसरे असे की त्याला ताटावरून उठू देऊ नये. सर्वांचीच आमटी थोडी सौम्य करून तिखट वरून घेण्याची सोय ठेवली, तर त्याचे ताट वेगळे वाढावे लागणार नाही. त्याचे जेवण होईपर्यंत एखाद्याने सोबत बसून राहावे. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टी आहेत, परंतु एकटेपणाची सुरुवात जेथे होते तेथेच त्या घाव घालतात. तिसरे, दवाखान्यात त्याच्याबरोबर कोणीतरी जावे. आणि चौथे, कोणी ‘आता जगून काय करायचे’ असे बोलला, तर विषय बदलू नये. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याचाच त्या माणसाला आधार वाटतो. होकार आला तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

रोग्याने स्वतः काय करावे? सुपारी कोणत्याही स्वरूपात असो, ती पूर्णपणे सोडावी. झालेली तंतूंची वाढ सहसा पूर्ण मागे फिरत नाही, हे खरे. पण सुपारी सोडल्यावर रोगाचा पुढचा प्रवास मंदावतो, तोंड उघडण्याच्या नियमित व्यायामाने, औषधांनी, इंजेक्शनांनी आणि आवश्यक तेव्हा शस्त्रक्रियेने तोंड पुष्कळ मोकळे करता येते. सोडताना चिडचिड होईल, ती काही आठवड्यांची पाहुणी आहे असे समजावे. एकदा पुन्हा खाल्ली गेली तर सारे फुकट गेले असे मानू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करावी. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलि-मानस ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते. परराज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या शेवटच्या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. बाजारात आणि कचेरीत कानडी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू कितीही सफाईने बोलता आली, तरी मनाची व्यथा माणूस आईच्या भाषेतच नीट सांगू शकतो.

आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, सरकारी किंवा सरकारी पैशाने चालणाऱ्या सेवेकडून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक माणसाला दिला आहे, आणि विमा देताना शरीराचे व मनाचे आजार समान मानावेत असेही त्यात म्हटले आहे. कायद्याने शरीर आणि मन यांना एका पंक्तीत बसविले. आता ते आपल्या घरांत आणि दवाखान्यांत घडावयास हवे. मानसोपचारतज्ज्ञाने रोग्याला ‘तोंड कोरडे पडते का, दात दुखतात का?’ असे विचारावे, आणि दंतवैद्याने ‘झोप लागते का, माणसांत जाता का?’ असे विचारावे. दोन्ही प्रश्नांना औषधाचा खर्च नाही.

तोंड हे अन्नाचे द्वार आहे, तसेच शब्दाचे आणि हास्याचेही आहे. हे द्वार मिटू लागले की आतला माणूस घरात असूनही कोंडला जातो. बाहेरून ते उघडण्याचे काम वैद्याचे आहे. पण आत कोणीतरी कोंडले गेले आहे, हे ओळखण्याचे काम त्याच्या शेजारी जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाचे आहे. आपल्या घरात, शेजारात, कचेरीत हल्ली कोणी पंगत टाळीत असेल, बोलणे आवरते घेत असेल, हसताना हात तोंडापाशी नेत असेल, तर त्याची एकदा आस्थेने चौकशी करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.